डॉ. जेरोम लेजून : निष्पाप बालकांचे कैवारी

मराठवाड्यात एखाद्या घरी डोके फार लहान असलेले, मान उशिरा धरणारे किंवा बौद्धिक वाढ खुंटलेले बाळ जन्माला आले, की गावातील कुजबुज बहुधा आईपासून सुरू होते. तिने गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल, ग्रहणात विळी हाती घेतली असेल, कोणाची दृष्ट लागली असेल, नाहीतर तिच्या माहेरच्या घराण्यातच काही खोट असेल, असे तर्क केले जातात. आपली ख्रिस्ती कुटुंबेही ह्या कुजबुजीपासून पूर्णपणे मुक्त आहेत असे म्हणवत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभू येशूला असेच विचारले होते, की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो, की प्रभूने दोघांवरील आरोप नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

विसाव्या शतकात ह्या जुन्या प्रश्नाला विज्ञानाच्या भाषेत उत्तर मिळाले. ते उत्तर शोधणाऱ्यांपैकी एक होते फ्रान्समधील कॅथलिक डॉक्टर जेरोम लेजून. मतिमंदत्वाचे कारण गुणसूत्रात असू शकते हे जगापुढे मांडणाऱ्या ह्या शास्त्रज्ञाने पुढे आपले सारे आयुष्य त्या बालकांच्या सेवेस वाहिले आणि त्यासाठी मानसन्मानांवर पाणी सोडले. २१ जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली आणि त्यांना वंदनीय हे पद प्राप्त झाले. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या वाचकांना व्हावी, विशेषतः ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना व्हावी, ह्या हेतूने हा लेख.

बालपण आणि वैद्यकीय शिक्षण

जेरोम लेजून ह्यांचा जन्म १३ जून १९२६ रोजी पॅरिसला लागून असलेल्या मोंरूज ह्या गावी झाला. घरातील वातावरण श्रद्धाळू व सुसंस्कृत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब एतांप ह्या लहान शहरात राहत होते. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक ह्यांच्या एका कादंबरीत खेड्यातील गोरगरिबांची सेवा करणाऱ्या डॉक्टरचे चित्र आहे. ते वाचून जेरोमच्या मनात आपणही खेड्यातील डॉक्टर व्हावे अशी इच्छा उत्पन्न झाली.

खेड्यातील दवाखाना मात्र त्यांच्या नशिबी नव्हता. पॅरिसमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यावर प्रा. रेमंड टर्पिन ह्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना आपल्या हाताखाली संशोधनासाठी घेतले. त्या वेळी मंगोलिझम ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याधीने ग्रस्त असलेली बालके टर्पिन ह्यांच्या रुग्णालयात येत असत. १८६६ साली इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन ह्यांनी ह्या बालकांचे वर्णन केले होते. परंतु शतक उलटत आले तरी व्याधीचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. आईवडिलांना गुप्तरोग असावा, ते मद्यपी असावेत, अशा शंका काही डॉक्टरही घेत. लाजेपोटी अनेक कुटुंबे अशा मुलांना लोकांपासून दडवून ठेवीत.

१९५२ साली जेरोम ह्यांचा विवाह डेन्मार्कच्या बिर्टे ब्रिंगस्टेड ह्यांच्याशी झाला. त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला होता. ह्या दांपत्याला पाच मुले झाली. पतीच्या प्रत्येक संघर्षात बिर्टे खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पश्चात त्यांचे कार्य २०२० साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत पुढे नेत राहिल्या.

सत्तेचाळिसावे गुणसूत्र

आपल्याकडे तळहाताच्या रेषांवरून भविष्य सांगण्याचा धंदा चालतो. डॉ. लेजून ह्यांनीही ह्या बालकांच्या तळहातांच्या रेषा बारकाईने तपासल्या, परंतु वेगळ्या हेतूने. ह्या रेषा बाळ आईच्या उदरात असताना, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच उमटतात. बालकांच्या रेषा इतरांपेक्षा वेगळ्या असतील, तर व्याधीचे मूळही तितकेच आधीचे असले पाहिजे आणि जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर घडलेल्या कोणत्याही गोष्टीला त्याबद्दल दोष देता येणार नाही, असा निष्कर्ष निघत होता. व्याधी गुणसूत्रांशी निगडित असावी असा टर्पिन ह्यांचाही जुना कयास होता. पण पुरावा हाती नव्हता.

मानवी पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे १९५६ पर्यंत मानले जात होते. त्या वर्षी जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान ह्या शास्त्रज्ञांनी ती ४६, म्हणजे २३ जोड्या, असल्याचे दाखवून दिले. आता मोजदाद शक्य झाली होती. ह्या टप्प्यावर डॉ. मार्थ गोतिए ह्यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. बालहृदयरोगाच्या अभ्यासासाठी त्या अमेरिकेतील बोस्टन येथे गेल्या होत्या आणि तेथून पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून आल्या होत्या. पॅरिसच्या त्रुसो रुग्णालयात अत्यंत अपुऱ्या साधनांनिशी, प्रसंगी पदरमोड करून, त्यांनी प्रयोगशाळा उभारली. १९५८ साली त्यांनी तयार केलेल्या काचपट्ट्यांवर डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या पेशीत ४७ गुणसूत्रे दिसून आली. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला छायाचित्रे घेण्याची सोय नव्हती. ती छायाचित्रे डॉ. लेजून ह्यांनी घेतली आणि पुढील विश्लेषण केले.

२६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे हा शोध मांडण्यात आला. निबंधावर पहिले नाव लेजून ह्यांचे, दुसरे गोतिए ह्यांचे आणि तिसरे टर्पिन ह्यांचे होते. गोतिए ह्यांचे नाव तर चुकीचे छापले गेले होते. पुढे कित्येक वर्षे ह्या शोधाचे श्रेय एकट्या लेजून ह्यांना दिले जात राहिले. २०१४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिविषयक समितीने डॉ. गोतिए ह्यांचा वाटा निर्णायक होता असे स्पष्ट मत दिले. डॉ. गोतिए २०२२ साली निवर्तल्या. एखाद्याच्या संतत्वाचा विचार करताना इतर कोणाच्या श्रमांवर पडदा टाकण्याची गरज नसते. सत्य सांगितल्याने पवित्रता उणावत नाही.

मार्च १९५९ मध्ये नऊ बालकांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटनमधील पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही हेच आढळल्याचे जाहीर केले. एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे असतात, म्हणून ह्या अवस्थेला ट्रायसोमी एकवीस हे नाव रूढ झाले. एका मानवी समाजाचा अपमान करणारा मंगोलिझम हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली वापरातून काढून टाकला.

शोधाने आईवडिलांना काय दिले

ह्या शोधाचे मोल केवळ प्रयोगशाळेपुरते नव्हते. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी कधी कधी विलग होत नाही आणि एक गुणसूत्र जास्तीचे जाते. ही घटना निसर्गतः घडते. ग्रहण, दृष्ट, आहार, भांडण, पाप ह्यांचा तिच्याशी काहीही संबंध नाही. आईचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते. वयाच्या चाळिशीला ती साधारणपणे शंभरात एक इतकी होते. तथापि तरुण मातांची संख्याच मोठी असल्याने अशी पुष्कळ बालके तरुण मातांच्या पोटीही जन्मतात. शंभरातील तीन-चार बालकांमध्ये मात्र जास्तीचे गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेले असते आणि ते आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने आलेले असू शकते. म्हणून बालकाची गुणसूत्र तपासणी करून घेणे पुढील अपत्याच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

१९६३ साली डॉ. लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका व्याधीचे कारण शोधले. काही नवजात बालकांचे रडणे मांजरीच्या पिल्लासारखे ऐकू येते, त्यांचे डोके लहान असते आणि बौद्धिक वाढ फार मंदावते. ह्या बालकांत पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो असे त्यांनी दाखविले. अशा रीतीने गुणसूत्र जास्त झाल्याने आणि गुणसूत्राचा भाग कमी झाल्यानेही मेंदूच्या घडणीत दोष येतो हे सिद्ध झाले.

त्यानंतर ह्या शास्त्राची झपाट्याने प्रगती झाली. तेराव्या जोडीत तिसरे गुणसूत्र आल्यास मेंदूच्या पुढील भागाचे दोन अर्धगोल नीट वेगळे न होण्याचा संभव असतो. सतराव्या गुणसूत्राचा एक लहानसा भाग नसेल तर मेंदूच्या पृष्ठभागावरील वळ्या तयार होत नाहीत आणि तो गुळगुळीत राहतो. काही व्याधी एकाच जनुकातील बिघाडाने होतात. त्यांतील काहींमध्ये आई व वडील दोघेही निरोगी असूनही सदोष जनुकाचे वाहक असतात आणि प्रत्येक गरोदरपणी चारात एक अशी जोखीम राहते. काही बिघाड तर पूर्णपणे नवे असतात. ते आईत नसतात आणि वडिलांतही नसतात.

येथे आपल्या प्रदेशाशी निगडित एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा मराठवाड्यात जुनी आहे. रक्ताच्या नात्यातील पतिपत्नी एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याचा संभव अधिक असतो. सर्वसाधारणपणे शंभरातील दोन ते तीन बालकांत जन्मजात दोष आढळतो. सख्ख्या मामे-आते, चुलत किंवा मावस भावंडांच्या विवाहात हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. आपल्या चर्चच्या कायद्यानुसार अशा भावंडांचा विवाह विशेष परवानगीशिवाय वैध ठरत नाही. त्या नियमामागील शहाणपण विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत तरुणांना समजावून सांगितले पाहिजे.

सर्वच दोष आनुवंशिक नसतात. गरोदरपणातील रुबेला, मद्यपान, तसेच फॉलिक ॲसिडची कमतरता ह्यांमुळेही मेंदू व मज्जारज्जू ह्यांची हानी होते. ज्या नळीपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेदेखील कळलेले नसते. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात.

सन्मान आणि त्याग

शोधानंतर डॉ. लेजून ह्यांच्यावर मानसन्मानांचा वर्षाव झाला. १९६२ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांच्या हस्ते त्यांना केनेडी पारितोषिक मिळाले. १९६४ साली पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेत मूलभूत आनुवंशिकीचे पहिले प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे विल्यम ॲलन पारितोषिक त्यांना प्रदान करण्यात आले. मानवी आनुवंशिकीत हा फार मोठा बहुमान समजला जातो.

परंतु ह्याच काळात त्यांना एक गोष्ट अस्वस्थ करू लागली. ज्या शोधामुळे बालकांवर उपचार व्हावेत अशी त्यांची इच्छा होती, त्याच ज्ञानाच्या आधारे गर्भातील बालक ओळखून त्याला जन्मच न देण्याचा विचार जगभर बळावत होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत त्यांनी आपल्या भाषणात ह्या विचाराला उघड विरोध केला. रोग्याला संपविणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे, ही त्यांची भूमिका होती. सभागृहातील अनेकांना ती रुचली नाही. आपल्या नोबेल पारितोषिकाची आशा आज मावळली, अशा आशयाचे त्यांनी पत्नीला कळविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नोबेल त्यांना कधीच मिळाले नाही.

त्यांची कन्या क्लारा ह्यांनी वडिलांच्या आठवणींत एक प्रसंग नोंदविला आहे. दूरचित्रवाणीवर गर्भातील अपंग बालकांविषयीची चर्चा पाहून डाऊन सिंड्रोम असलेला दहा वर्षांचा एक मुलगा रडत त्यांच्या तपासणी कक्षात आला. त्याने डॉक्टरांना मिठी मारली आणि आम्हाला वाचवा, आम्हाला स्वतःचा बचाव करता येत नाही, अशी विनवणी केली. तेव्हापासून डॉ. लेजून सभा, लेख आणि वादविवाद ह्यांतून ह्या बालकांची बाजू मांडू लागले. त्यांच्याविरुद्ध भिंतींवर घोषणा रंगविण्यात आल्या, सभा उधळल्या गेल्या, पुढे संशोधनाचा निधीही आटत गेला. १९७५ साली फ्रान्समध्ये गर्भपाताला कायद्याने परवानगी मिळाली. डॉ. लेजून ह्यांनी आपली भूमिका बदलली नाही आणि विरोधकांचा द्वेषही केला नाही.

नेकर रुग्णालयातील डॉक्टर

वादाच्या गदारोळातही पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयातील त्यांचा तपासणी कक्ष सुरू राहिला. देशोदेशीचे आईवडील आपली मुले घेऊन तेथे येत. डॉ. लेजून हजारो बालकांचे डॉक्टर होते आणि त्यांतील कित्येकांना नावाने ओळखत. ते बाळाला आधी जवळ घेत, त्याच्याशी बोलत आणि मग आईवडिलांना शांतपणे सारे समजावून सांगत. आपल्या बाळाकडे एक मोठा डॉक्टर माणूस म्हणून पाहतो आहे, ह्या अनुभवानेच पुष्कळ मातांचे ओझे हलके होत असे. खेड्यातील डॉक्टर होण्याचे त्यांचे स्वप्न अशा तऱ्हेने जगातील एका मोठ्या शहरात साकार झाले. ह्या अवस्थेवर औषध सापडावे हा त्यांचा अखेरपर्यंत ध्यास होता, परंतु ते त्यांच्या हयातीत सापडले नाही.

१९७४ साली पोप पॉल सहावे ह्यांनी त्यांना पोपच्या विज्ञान अकादमीचे सभासद नेमले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला. १३ मे १९८१ रोजी लेजून दांपत्याने पोप महोदयांसमवेत भोजन केले आणि त्याच सायंकाळी संत पेत्राच्या चौकात पोप महोदयांवर गोळ्या झाडण्यात आल्या. अणुयुद्धाच्या धोक्याविषयी बोलण्यासाठी अकादमीच्या वतीने त्याच वर्षी ते मॉस्कोला जाऊन सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह ह्यांनाही भेटले.

अखेरचे दिवस

१९९३ च्या नोव्हेंबरात त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. १९९४ च्या फेब्रुवारीत पोप महोदयांनी जीवनविषयक अकादमीची स्थापना केली आणि तिचे पहिले अध्यक्षपद त्यांना दिले. हे पद त्यांना जेमतेम पाच आठवडे लाभले. पवित्र आठवड्यातील वेदना सोसून ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थान रविवारी सकाळी, त्यांनी प्राण सोडला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधील अंत्यविधीला त्यांची लाडकी बालके व त्यांचे आईवडील मोठ्या संख्येने उपस्थित होते. २२ ऑगस्ट १९९७ रोजी जागतिक युवा दिनासाठी फ्रान्सला आलेल्या पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली. २००७ साली त्यांच्या संतपदाच्या प्रक्रियेस प्रारंभ झाला.

आपल्यासाठी बोध

गुणसूत्राचा शोध लागण्याच्या पंधरा वर्षे आधी, १९४४ साली, मुंबईत जय वकील आणि होरमसजी वकील ह्या पारशी दांपत्याने विशेष मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यांची स्वतःची कन्या डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. कारण ठाऊक नसतानाही प्रेमाला आपला मार्ग सापडला होता. आज कारण ठाऊक आहे. मग आपल्याला सबब कोणती?

छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांतून तपासणी केली जाते. बाळ वेळेवर मान धरत नसेल, हसत नसेल, बसत नसेल, तर वाट पाहत न बसता घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बालकांना हृदयदोष असतो. तो लवकर कळल्यास शस्त्रक्रियेने बहुधा दुरुस्त करता येतो. थायरॉईड, दृष्टी व श्रवण ह्यांची तपासणीही नियमित करावी. शतकापूर्वी ही बालके दहा-बारा वर्षांचे वय क्वचितच पार करीत; आज प्रगत देशांत त्यांचे सरासरी आयुर्मान साठीच्या घरात पोहोचले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बौद्धिक दिव्यांगत्वास मान्यता आहे आणि प्रमाणपत्र मिळविणे हा आपल्या मुलाचा हक्क आहे.

गर्भातील तपासणीत दोष आढळलेल्या दांपत्याला आपल्या धर्मग्रामात कोण भेटायला जाते, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. जीवनाच्या पावित्र्याविषयी चर्चची शिकवण स्पष्ट आहे. परंतु ती शिकवण सांगणाऱ्याने त्या आईचे ओझे उचलायलाही पुढे आले पाहिजे. डॉ. लेजून ह्यांनी दोन्ही केले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. मिस्साला विशेष मूल घेऊन आलेल्या आईला मागच्या बाकावर बसावेसे वाटू नये, तिच्या मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीपासून वगळले जाऊ नये, सासरी तिला बोल लावला जाऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

एकविसाव्या जोडीतील तीन गुणसूत्रांची खूण म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख, म्हणजे २१ मार्च, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन संयुक्त राष्ट्रसंघातर्फे २०१२ पासून पाळला जातो. त्या दिवशी आणि एरवीही आपण वंदनीय जेरोम लेजून ह्यांच्या मध्यस्थीने परमेश्वरापाशी मागूया, की आपल्या धर्मप्रांतातील अशी सर्व बालके प्रेमाने वाढावीत, त्यांच्या मातांच्या मनावरील दोषाचे ओझे उतरावे, आणि आपल्या संशोधकांच्या व डॉक्टरांच्या हातून ह्या बालकांची सेवा घडावी. आमेन.